ताडपत्रीमागची धूळ

बाई थेट मागच्या दाराकडे निघाल्या, तेव्हा अनसेल्मो हातातलं काम टाकून त्यांच्या मागे गेला.

त्या कामगार खात्याच्या इन्स्पेक्टर होत्या, न सांगता आलेल्या. पुढच्या कारखान्यात दाखवण्यासारखं सगळं होतं. पाण्याच्या धारेखाली चालणारी मोठी करवत, धुतलेली फरशी, भिंतीवर हेल्मेट घातलेल्या हसऱ्या माणसाचं चित्र. कोणी पाहुणा आला की मालक फेर्मिन त्याला तेवढंच फिरवायचा आणि कॉफी पाजून वाटेला लावायचा. पण या बाईंनी करवतीकडे धड पाहिलंसुद्धा नाही. लाद्यांच्या रांगांमधून त्या बाहेर पडल्या, हिरव्या ताडपत्रीसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हे बाजूला करा."

ताडपत्रीमागे कोस्तेल स्वयंपाकाच्या ओट्यात सिंकसाठी भोक कापत होता. कोरडंच. पाणी सोडून कापलं तर वेळ लागतो, आणि गिऱ्हाइकाला ओटा कालच हवा असतो. धूळ इतकी होती की आधी नुसता ग्राइंडरचा आवाज आला, मग हळूहळू माणूस दिसला. कागदी मास्क त्याच्या गळ्यात लोंबत होता. डोंगरातून निघणाऱ्या संगमरवराची धूळ गावाने पिढ्यानपिढ्या खाल्ली होती. हा दगड मात्र वेगळा. गारगोटीचा चुरा चिकटवून कारखान्यात बनवलेला. त्याची धूळ एकदा छातीत बसली की पुन्हा बाहेर पडत नाही. हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

बाईंनी ग्राइंडर बंद करायला लावला. मग विचारलं, "कामगारांचा सुरक्षा प्रतिनिधी कोण?"

अनसेल्मोने हात वर केला. शाळेत करतात तसा.

"इथल्या धुळीबद्दल मालकांना कधी सांगितलंत?"

त्याने हात खाली घेतला. सांगणार काय? फेर्मिन त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. दहा-बारा माणसांच्या त्या कारखान्यात प्रतिनिधी निवडायची वेळ आली तेव्हा फेर्मिननेच त्याचं नाव पुढे केलं होतं, आणि बाकीच्यांनी जेवायची सुट्टी बुडू नये म्हणून भराभर हात वर केले होते. घरचा माणूस घरच्यांविरुद्ध बोलत नाही, हा हिशेब सगळ्यांना कळत होता. अनसेल्मोलाही.

मागची शेड त्याच दिवशी बंद झाली. पाण्याची अवजारं, धूळ ओढून घेणारी यंत्रं, चेहऱ्याला घट्ट बसणारे मास्क, प्रत्येकाच्या छातीची तपासणी, असं सगळं करायचा हुकूम झाला. बाई निघाल्या तेव्हा फेर्मिनने त्यांना हसत हसत विचारलं की आमच्या गरिबाच्या शेडचा पत्ता तुम्हाला दिला कोणी. त्या म्हणाल्या, तक्रार करणाऱ्याचं नाव सांगायला कायद्याने मनाई आहे. तक्रार होती की नव्हती, तेही मी सांगणार नाही.

म्हणजे होती. सगळ्यांनी तोच अर्थ घेतला.

दुसऱ्या दिवसापासून कारखान्याची हवाच बदलली. सकाळच्या सुट्टीत माणसं टोमॅटो चोळलेला पाव घेऊन लाद्यांच्या ढिगावर बसायची, एकमेकांच्या सासवांची टिंगल करायची. आता जो तो आपला पाव घेऊन वेगळा कोपरा धरू लागला. ओनोफ्रे हा अनसेल्मोचा जुना जोडीदार, पॉलिशचं काम करणारा. तोसुद्धा अनसेल्मो आला की बोलणं तोडून पाण्याची बाटली शोधायला लागायचा. अनसेल्मोला कळेना, हा आपल्याला भितो की आपल्यापासून काही लपवतो.

मग तो स्वतःच प्रत्येकाकडे चोरून बघू लागला. ओनोफ्रेला फोरमन करतो म्हणून फेर्मिनने दोनदा शब्द दिला होता आणि दोनदा फिरवला होता. ऑफिसात बसणारी पुरी हल्ली फोन घेऊन बाहेर जात होती. आणि कोस्तेल? रुमानियाचा हा गडी बोलायचा कमी, पण मागच्या महिन्यात त्यानेच विचारलं होतं, थुंकी पांढरी का येते म्हणून. ज्याच्यावर नजर पडेल तो गुन्हेगार दिसायचा, आणि लगेच मनात यायचं की गुन्हा तरी कसला?

रविवारी सासूबाईंकडे जेवण होतं. फेर्मिनने मिगासच्या, म्हणजे परतलेल्या पावाच्या चुऱ्याच्या, कढईत चमचा घालता घालता म्हटलं, "काय सांगावं, फितूर याच टेबलावर असेल." सगळे हसले. आम्पारो, अनसेल्मोची बायको, मात्र हसली नाही. तिने भावाच्या ग्लासात वाइन ओतली आणि बाटली जरा जोरातच खाली ठेवली.

घरी परतताना अनसेल्मोने तिला विचारलं, तक्रार तू केलीस का.

"मी केली असती तर तुला सांगितलं असतं का?" ती म्हणाली.

"म्हणजे केलीस?"

"म्हणजे सांगितलं नसतं. तुझ्या पोटात काही राहत नाही." थोडं चालून ती पुढे म्हणाली, "रात्री तू खोकतोस, ते तुला ऐकू येत नाही. मला येतं."



पुढच्या आठवड्यात फेर्मिनने कोस्तेलला ऑफिसात बोलावलं. त्याचा करार संपत आला होता; तो पुढे चालू राहणार नाही, काम कमी झालंय, असं कारण दिलं. काम कमी झालं नव्हतं. कोस्तेल बाहेर आला, हातमोजे काढून नीट घडी करून ठेवू लागला. त्याची मुलगी गावातल्याच शाळेत होती. कोणी त्याच्याजवळ गेलं नाही. उलट सगळ्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरल्यासारखं झालं, कारण आता चोर सापडला होता.

अनसेल्मो ऑफिसात शिरला आणि त्याने दार लावून घेतलं.

"कोस्तेलने नाही केली," तो म्हणाला. "मी केली."

फेर्मिनने हातातलं पेन खाली ठेवलं. "खोटं बोलतोयस, दाजी. तुझ्यात तेवढी धमक नाही."

"मग जाऊन बाईंना विचार."

"त्या सांगणार नाहीत."

"मग माझंच ऐकावं लागेल. मी प्रतिनिधी आहे. ते माझं कामच होतं. आणि त्यासाठी मला तू काढू शकत नाहीस, हेही कायद्यात आहे. कोस्तेलला आता काढलंस, तर त्या बाईंकडे मी उघडपणे जाईन."

हे बोलताना त्याने टेबलाची कड धरली होती. फेर्मिनचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. आता ताईला मी काय तोंड दाखवू, असं काहीतरी तो पुटपुटला. मग इतकंच म्हणाला, "रविवारी आईकडे येऊ नकोस."

कोस्तेलचा करार वाढला. अनसेल्मोला वाटलं होतं, तो निदान हात तरी पुढे करेल. कोस्तेल आला तो तावातावाने.

"तूच होतास तर इतके दिवस या सगळ्यांच्या नजरा मला का झेलायला लावल्यास?" तो म्हणाला. "माझी बायको रडून रडून आजारी पडली. तुला मालक हात लावू शकत नव्हता. मला लावू शकत होता."

खरं सांगावं तर कारखान्यातला संशय पुन्हा कोस्तेलच्याच मानेवर बसणार. "चुकलं माझं," तो म्हणाला.

ऑफिसात म्हणे कुजबुज होती की दाजी आजारपणाचा दाखला काढून पेन्शन लाटणार, त्यासाठीच हे सगळं. पुरीने ते त्याला मुद्दाम सांगितलं. तिने का सांगितलं, याचाही त्याला संशय आलाच.

छातीच्या तपासण्या शहरातल्या इस्पितळात झाल्या. अनसेल्मोला डॉक्टर म्हणाले, आज काही दिसत नाही, वर्षाने पुन्हा या. ओनोफ्रेच्या दोन्ही फुप्फुसांत ठिपके निघाले. त्याला आता धुळीत पाय टाकायला डॉक्टरांनी मनाई केली. तो आपली खोकी आवरायला आला तेव्हा अनसेल्मो त्याला मदत करायला गेला. ओनोफ्रेने त्याचा हात बाजूला केला नाही. सावकाश, दम घेत घेत त्याने विचारलं, "करायचीच होती, तर आधी का नाही केलीस?"

तो आवाज चढवून बोलला असता तर बरं झालं असतं.

"मी केली" असं सांगणाऱ्या माणसाला "मी नव्हती केली" असं म्हणता येत नाही. अनसेल्मो खोकं उचलून ओनोफ्रेच्या गाडीपर्यंत गेला आणि ते डिकीत ठेवून गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभा राहिला. त्या दिवसापासून ती तक्रार खरोखरच त्याची झाली. तो बाईंना स्वतः फोन करून नव्या यंत्राच्या पिशव्या वेळेवर बदलत नाहीत असं सांगू लागला, आणि सांगून झालं की ते मालकालाही तोंडावर कळवू लागला. फेर्मिन उत्तर द्यायचा नाही, पण पिशव्या बदलल्या जायच्या.

नवे रबरी मास्क आले तेव्हा ते बसवून बघायला एक तंत्रज्ञ आला. अनसेल्मोच्या मास्कमधून हवा गळत होती. दाढी असेल तर तो चेहऱ्याला चिकटत नाही, तंत्रज्ञ म्हणाला. लष्करातून सुटून आल्यावर अनसेल्मोने दाढी वाढवली होती, ती आम्पारोला भेटायच्याही आधी.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने न्हाणीत ती उतरवली. आधी कात्रीने, मग वस्तऱ्याने. स्वयंपाकघरात आला तेव्हा आम्पारो पावाला तेल लावत होती. तिने वर पाहिलं आणि सुरी हातातच राहिली. गालाची ती कातडी ऊन न लागलेली, लहान मुलासारखी फिकी होती. हनुवटीवर एक जुना, वाकडा व्रण होता.

"हे कधी लागलं?" तिने विचारलं.

"लहानपणी. खाणीच्या वाटेवर पडलो होतो."

तिने तेलाचा हात एप्रनला पुसला, आणि एका बोटाने तो व्रण चाचपून पाहिला. तो तिच्या डोळ्यांत बघत होता. तक्रार तूच केलीस का, हे आता तरी विचारावं असं त्याच्या ओठांवर आलं होतं. त्याने विचारलं नाही. खुर्ची ओढून तो पाव खायला बसला, आणि ती अनोळखी माणसाकडे बघावं तशी त्याच्याकडे बघत, न्हाणीतले केस गोळा करायला झाडू घेऊन गेली.