धाविकाची विटकरी छाती

संगमनेरच्या पठारावरच्या शाळेत शिकवणाऱ्या दीनाबाईंनी बाहत्तरच्या उन्हाळ्यात अकरा दिवस सकाळी माळावर पालथं पडून धाविक पक्ष्याचा फोटो काढला. टिटवीहून लहान, उंच पायांचा, विटकरी छातीचा पक्षी. भावाने दिलेला रंगीत रोल त्यांनी मुंबईच्या एका लॅबकडे पाठवला. छापलेला फोटो लॅबने त्यांच्या सांगण्यावरून परस्पर तिथल्याच एका छायाचित्र-प्रदर्शनाला दिला.

पंधरवड्याने तो परत आला. मागे परीक्षकांचा शेरा होता: 'पक्षी मेलेला. पेंढा भरून, रंगवून ठेवलेला दिसतो. ही फसवणूक आहे.'

बाईंनी फोटो उलटा केला. तांबडा मुरूम शेवाळी झाला होता आणि छाती मळकट जांभळी. रंग चुकले होते हे खरं, पण फसवणूक? दोन दिवसांची रजा टाकून त्यांनी मुंबईची एसटी धरली.

लॅबच्या मालकाने फोटोकडे धड पाहिलंही नाही. फिल्म जुनी असेल, तुमच्याकडचं ऊन कडक, शिवाय बायकांचा हात हलतो, असं तो म्हणाला. बाईंनी फोटोतले पक्ष्याचे डोळे दाखवले. ते रेखीव होते. हात हलला असता तर ते असे आले असते का, असं विचारल्यावर त्याने आतून बन्सीला हाक मारली.

बन्सी फोटो छापायचा. त्याने निगेटिव्ह उजेडासमोर धरली, मग फोटो पाहिला.

"बाई, मशिनला वाटतं, फोटोत सगळे रंग सारख्याच मापात असायला पायजेत. तुमच्या फोटोत नुसता तांबडा मुरूम. तिनं तो चूक समजून निळा-हिरवा घातला. ह्यो मुरूम मी वळखतो, मी तुमच्या संगमनेरशेजारच्या अकोल्याचा हाय. हातानं फिल्टर बदलून छापतो."

चार वाजता त्याने ओला फोटो आणून दिला. विटकरी छाती, पांढरी भुवई, खाली तांबडा माळ. बाईंनी बराच वेळ मान वर केली नाही.

तिथून त्या प्रदर्शनाच्या कार्यालयात गेल्या. चिटणिसांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिले आणि हसून म्हणाले, आता यादी बंद झाली, पुढच्या वर्षी पाठवा.

"मला फोटो लावायचा नाही," दीनाबाई म्हणाल्या. "मला फसवी म्हटलंय, ते लेखी मागं घ्या."

एवढ्याशा शेऱ्याचं काय, असं ते म्हणाले. बाई खुर्चीवरून उठल्या नाहीत. अखेर चिटणिसांनी कागद ओढून लिहिलं की, यंत्राच्या दोषामुळे गैरसमज झाला.

बाईंनी कागद वाचून परत सरकवला. "यंत्रानं रंग बिघडवला. फसवणूक हा शब्द माणसानं लिहिला. त्या माणसाचं नाव घाला."

चिटणीस आता हसत नव्हते. त्यांनी परीक्षकांचं नाव लिहिलं, आरोप निराधार होता असं लिहिलं, सही केली. बाईंनी शिक्काही मागून घेतला.

रस्त्यावर आल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, सकाळपासून आपण पाणीसुद्धा प्यायलो नाही. राग मात्र तसाच होता.