बिनविषयाचा खण

जगात सगळ्यात वंगाळ काय असं मला कुणी विचारलं, तर मी सांगेन, भला माणूस. आमचे धनी तसले. कर्जतच्या वाचनालयात ते पुस्तकं सांभाळायचे, मागच्या खोलीत आमचा संसार. त्यांची पुस्तकं लावायची तऱ्हाच निराळी. एक कपाट कळंबकरांचं, एक साजगावकरांचं, एक टेशनातल्या बाबूंचं. ज्या गावाला जे गोड लागतं ते त्या गावाच्या कपाटात. बाजाराच्या दिवशी माणसं यायची, आपापल्या कपाटापुढं उभी राहायची, धनी हात घालून पुस्तक काढून द्यायचे. कुणाचं काय अडलं नाय.

आणि एक खण होता खाली, दाराआड. त्यातली पुस्तकं कळंबच्या शकूची. तिचा भाऊ गजा क्षयानं खोकून खोकून गेला. पडल्या पडल्या त्यानं बहिणीला वाचायला शिकवलं, मग ती त्याला वाचून दाखवायची. त्या घरात जाऊन आलेलं पुस्तक धनी कडुनिंबाच्या धुरावर धरायचे आणि त्या खणात ठेवायचे. पुन्हा जायचं ते शकूच्याच हातात. का, ते कुणाला सांगायचे नाय. क्षयाचं नाव एकदा घराला चिकटलं की त्या घरची पोर कोण करून घेतो? कळंबकरांनीबी तोंडं शिवली होती. त्यांनाबी पोरी उजवायच्या होत्या.

शकूची सोयरीक खालापुराकडं ठरली होती, येसाजी पाटलांच्या पोराशी. पाटील म्हंजे वाचनालयाच्या कमिटीवरचे, स्वतः अंगठाबहाद्दर. सून वाचणारी मिळाली म्हणून त्यांना आभाळ ठेंगणं झालेलं. साखरपुडा झाला होता, हळद तेवढी लागायची राहिली होती.

लढाई संपली त्या साली कमिटीला अवदसा आठवली. बडोद्याला शिकून आलेले ओगले मास्तर सेक्रेटरी केले. मास्तरांचं म्हणणं, पुस्तकाला विषय असतो, गाव नसतं. धर्म इकडं, इतिहास तिकडं, वैद्यक, शेती, कादंबऱ्या. पाट्या रंगवल्या, आकडे चिकटवले. खोटं कशाला बोलू, दिसायला झ्याक दिसत होतं. फक्त तो खालचा खण जमेना. त्यात एक पोथी, एक शिकारीच्या गोष्टी, एक स्वैपाकाचं, एक आरमाराचं. ही सगळी एका जागी का? मास्तरांच्या डोक्यात भुंगाच शिरला. शेवटी भर मीटिंगीत त्यांनी ती पुस्तकं टेबलावर मांडली आणि धन्यांना विचारलं, यांचा विषय काय.

मी चहा घेऊन दारात उभी. डोळ्यांनी खुणावत होते, वाळवी लागलीय म्हणा, फाटलीत म्हणा, काय बी म्हणा. धनी माझ्याकडं बघतील तर शपथ. तेवढ्यात पाटील हसले. ही तर आमच्या सूनबाईची पुस्तकं, म्हणाले, मी तिला त्या खणातनंच नेताना बघितलंय. आणि मिशीवर हात फिरवला. मास्तरांनी एक पुस्तक नाकाशी नेलं. तिचीच का, त्यांनी विचारलं, दुसऱ्या कुणाला का देत नाही, आणि धन्यांकडं वळून, सखाराम, याला धुराचा वास कसला?

इथं मुकाट बसले असते तर काय मुंडकं तुटलं असतं? पण नाय. पोरीवर बालंट नको म्हणून आमचा देवमाणूस हात जोडून पुढं झाला.

"पोरीला काय नाय झालं, पाटील. आईशपथ सांगतो. खोकला भावाला होता."

पाटलांनी पुस्तकावरचा हात काढला आणि धोतराला पुसला. सोयरीक मोडली, एवढं बोलले आणि खाली बघत बसले. मास्तरांचं तोंड मात्र उजळलं. विषय सापडला होता ना मेल्याला. ही पुस्तकं उद्या जाळायची आणि एक कळंबला गेलेलं आहे तेबी मागवायचं, असा ठराव झाला. माझा चहा कुणी घेतला नाय.

वाचनालयाचा शिपाई वाघ्या कळंबला गेला. खरं सांगायची त्याची छाती झाली नाय. सासऱ्यांनी बोलावलंय, पुस्तक घेऊन चल, एवढंच बोलला.

दुसऱ्या दिवशी पोर गाडीतनं उतरली ती हिरवं लुगडं नेसून, केसांत अबोली माळून. पुस्तक धुतल्या फडक्यात बांधलेलं. वाघ्यानं मला मागनं सांगितलं, गाडीत ती वाटभर एकच पान मोठ्यानं घोकत होती. सासऱ्यांपुढं अडखळायला नको म्हणून.

अंगणात पेंढ्यावर रचलेली पुस्तकं पेटली होती आणि कमिटी वाऱ्याकडची बाजू धरून उभी होती. शकूला वाटलं असेल, पालापाचोळा जळतोय. ती सरळ पाटलांच्या पाया पडायला वाकली. ते मागं सरले, उपरणं नाकाला लावलं. तिनं फडकं सोडलं, पान उघडलं.

"मामंजी, कुठनं वाचू?"

आमचे धनी रडत होते, आणि मला त्यांच्याच थोबाडीत द्यावीशी वाटत होती. शेवटी मास्तरांनी तोंड उघडलं, आवाज अगदी मऊ.

"वाचायचं नाही बाई. तिथूनच आगीत टाका."

तिनं पाटलांकडं बघितलं. ते भिंतीकडं बघत होते. मग तिला कळलं सगळं. तिनं पुस्तक मिटलं आणि टाकलं, पण ते आगीच्या अलीकडंच पडलं. एवढे बाप्ये उभे होते, कुणी पायानंसुद्धा ढकललं नाय. तिलाच पुढं जाऊन ते उचलून पुन्हा टाकावं लागलं.