माझं झाकण दाराआड गेलं तेव्हा

मी एक जुना स्टीलचा डबा आहे. मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझं झाकण नीट बसत नाही. एका बाजूने ते उचललेलं राहतं आणि त्याच्या कडेला चांगला अंगठाभर पोचा आहे. मला पाहिलं की कुणीतरी हमखास म्हणतं, "अहो, हा डबा आता भंगारात द्या." तेव्हा माझ्या मालकीणबाई सुगंधाताई मला जवळ ओढून घेतात. त्या पोच्याची गोष्ट मला सांगायची आहे. पण मी म्हातारा आहे, त्यामुळे सुरुवात जन्मापासूनच होणार. ऐकून घ्या.

मी कुठल्या कारखान्यात घडलो ते मला आठवत नाही. आठवतं ते विलेपार्ल्याचं भांड्यांचं दुकान. सुगंधाताईंच्या लग्नात त्यांच्या भावाने, भाऊने, मला विकत घेतलं. दुकानदाराने टर्र टर्र करणाऱ्या यंत्राने माझ्या पोटावर नाव घातलं, 'सौ. सुगंधास, भाऊकडून'. फार गुदगुल्या झाल्या. पण नाव असलेला डबा म्हणून मी इतरांपेक्षा जरा ताठ मानेने बसू लागलो.

दिंडोशीच्या घरी गेल्यावर माझी ऐट उतरली. तिथे माझ्यासारखे चार डबे आधीच होते. डाळ, तांदूळ, साखर, पोहे अशा सगळ्या मानाच्या जागा भरलेल्या. मला काही वर्षं बेसन मिळालं. मग बेसनाला प्लॅस्टिकची बरणी आली आणि माझ्यात बटणं, सेफ्टी पिना, रबरबँड आणि एक कुलूप नसलेली किल्ली जाऊन पडली. मित्रांनो, मी तेव्हा फार रुसलो होतो. डब्याला रुसता येत नाही असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही कधी घट्ट बसलेलं झाकण उघडून पाहिलेलं नाही.

मग सुगंधाताईंना विद्यापीठाच्या मदत कक्षात नोकरी लागली. त्यांचं काम सांगतो. विद्यापीठात हजारो मुलं शिकतात. कुणाला परीक्षेच्या वर्गात छाती धडधडून श्वास घेता येत नाही. कुणी चार चार दिवस खोलीबाहेर येत नाही. कुणाला तर जगणंच नकोसं होतं. अशा वेळी मदत कक्षाचा फोन वाजतो आणि सुगंधाताई असतील तशा निघतात. अंगावर गणवेश नाही, बरोबर भोंगा वाजवणारी गाडी नाही. खांद्याला पिशवी अडकवलेली एक बाई चालत येते, एवढंच.

त्या पिशवीत माझी वर्णी लागली ती त्यांच्या सासूबाईंमुळे. सासूबाई रोह्याकडच्या. दर गुरुवारी त्यांना वालाचं बिरडं हवं. आता वाल भिजवा, फडक्यात बांधून मोड काढा, मग कोमट पाण्यात घालून एकेकाची साल काढा. हे काम जिकिरीचं, आणि घरी वेळ नाही. म्हणून सुगंधाताईंनी मला घासूनपुसून मोड आलेले वाल भरले आणि कामावर नेलं. कक्षात कुणी नसलं की त्या वाल सोलत बसायच्या. साली झाकणात, सोललेली डाळिंबी वाटीत.

कक्षाच्या प्रमुख डॉक्टर नीला पहिल्याच दिवशी भडकल्या. "सुगंधा, अगं हा दवाखाना आहे की तुझं स्वयंपाकघर?"

"मॅडम, आज सुटताना उशीर होईल. सासूबाई वाट बघतायत ना!"

पण महिन्याभराने डॉक्टरांच्याच लक्षात एक गोष्ट आली. खुर्चीत बसून ज्या मुलांच्या तोंडून शब्द फुटत नसे, ती मुलं टेबलापाशी येऊन नकळत वाल सोलू लागत. नजर वालावर, हात ओले, आणि हळूहळू तोंड उघडायचं. कुणी मुलगा सांगता सांगता रडला तरी हात थांबायचे नाहीत. डॉक्टर एकदा स्वतः सोलायला बसल्या. त्यांच्या निम्म्या डाळिंब्या मोडल्या. त्यानंतर मला कुणी काही बोललं नाही.

पुढे कक्षाला नवं फर्निचर आलं आणि टेबलावर मऊ रबरी चेंडू आले. ते दाबले की म्हणे मन हलकं होतं. मला कपाटावर ठेवलं. त्या चेंडूंचा मला मत्सर वाटायचा, खोटं कशाला बोलू? त्यांच्यापासून धड भाजीही होत नाही.

त्या गुरुवारी मात्र सासूबाईंनी फारच हट्ट धरला म्हणून मी पुन्हा वाल भरून पिशवीत बसलो होतो. दुपारी फोन वाजला. मुलींच्या वसतिगृहातून रश्मी नावाची मुलगी रडत बोलत होती. तिच्या खोलीत राहणाऱ्या श्रुतिकाने तिला संदेश पाठवला होता, 'माझं सामान आईला दे.' खोलीला आतून कडी होती.

सुगंधाताई पळत गेल्या, मी पिशवीत खडखडत. जिन्यात मुलींची गर्दी, दारापाशी वॉर्डन मॅडम, त्यांच्या शेजारी पहार घेतलेला सुतार. मागोमाग डॉक्टर नीला आल्या. सुगंधाताईंनी गर्दी खाली पाठवली, दाराला कान लावला आणि हाक मारली. आतून आवाज आला, "जा इथून."

"ती बोलतेय," सुगंधाताई सुताराला म्हणाल्या. "बोलतेय तोवर दाराला हात लावू नका. गप्प झाली तर मी सांगते, मग एका घावात तोडा."

त्या तिथेच फरशीवर बसल्या. दाराखाली दोन बोटांची फट होती. त्यांनी माझं झाकण उलटं केलं, त्यात मूठभर ओले वाल ठेवले आणि आत सरकवले. मित्रांनो, इतक्या वर्षांत मी आणि माझं झाकण पहिल्यांदाच एकमेकांच्या नजरेआड झालो. मी उघडा पडलो आणि घाबरलो.

"हे काय?" आतून आवाज आला.

"वाल. सोलून दे."

"ताई, प्लीज, मला एकटीला सोडा ना."

"मी इथून हलणार नाही गं. पण नुसती बसून काय करू? सासूबाईंना बिरडं हवंय."

आत झाकण ओढल्याचा आवाज झाला. मग झाकण खरखरत बाहेर आलं. एका बाजूला साली, एका बाजूला डाळिंब्या. सगळ्या मोडलेल्या. सुगंधाताईंनी त्या बाजूला काढून ठेवल्या. त्यांनी दुसरी मूठ पाठवली, मग तिसरी. तिसऱ्या खेपेला काही डाळिंब्या अख्ख्या आल्या आणि त्यांच्यासोबत गोष्टही आली.

श्रुतिका एम.एस्सी.च्या दोन विषयांत नापास झाली होती. घरी तिने फोनवर सांगितलं, पहिला वर्ग मिळाला. बाबांनी आनंदाच्या भरात गावच्या नाक्यावर तिच्या फोटोचा हा मोठा फ्लेक्स लावला. 'हार्दिक अभिनंदन' आणि खाली अख्ख्या वाडीची नावं. आता गावात पाय कसा ठेवायचा?

सुगंधाताईंनी आडपडदा न ठेवता विचारलं, "श्रुतिका, जिवाचं बरंवाईट करायचं मनात आहे का?"

"सकाळपासून होतं."

"आणि आत्ता?"

"आत्ता... हात ओले आहेत."

पुढची मूठ गेली. झाकण परत येईना. सुताराने पहार उचलली. सुगंधाताईंनी 'थांबा' म्हणून हात वर केला. माझ्या तळाशी उरलेल्या पाण्याशिवाय माझ्यात काही नव्हतं आणि माझं अर्धं अंग त्या दाराच्या आत होतं.

"श्रुतिका, बोल बाळा. गप्प राहिलीस तर मला दार तोडावं लागेल. तुला फसवून तोडणार नाही, सांगून तोडतेय."

झाकण हललं. अर्धं बाहेर आलं आणि तिथेच थांबलं. मग कडी वाजली. दार आत ओढलं गेलं, फटीत अडकलेलं झाकण कर्रकन मुडपलं. दारात श्रुतिका उभी होती. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले, बोटं वालाच्या पाण्याने सुरकुतलेली.

"वाल संपले, ताई," ती म्हणाली. "अजून आहेत का?"

सुगंधाताईंनी तिला पोटाशी धरलं. सुताराने पहार खाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले. त्या क्षणी कुणी मला सोन्याचं झाकण दिलं असतं तरी मी घेतलं नसतं.

त्या दिवशी तिला एकटं सोडलं नाही. डॉक्टरांनी उपचार सुरू केले, रश्मी सोबत राहिली. तिची परवानगी घेऊन सुगंधाताईंनी बाबांना फोन केला. दुसऱ्या दिवशी ते आले आणि कक्षात तिच्यासमोर बसले. सुगंधाताईंनी मला घरून पुन्हा भरून आणलं होतं; ते माझ्यात हात घालून वाल सोलू लागले.

"बाबा, तो बोर्ड..." श्रुतिका म्हणाली.

"कालच उतरवला. मी लावला होता तो, तू नव्हे. तुला विचारायला हवं होतं मी." मग हातातला वाल खाली ठेवून ते म्हणाले, "अगं, तू नसतीस तर त्या बोर्डाकडे बघत बसलो असतो का मी?"

श्रुतिका पुन्हा परीक्षेला बसली. एक विषय सुटला, दुसरा अजून राहिला आहे. ती अधूनमधून कक्षात येते, औषधं वेळेवर घेते का ते डॉक्टर विचारतात, आणि ती खाली मान घालून कधीकधी "नाही" असंही सांगते. खरं सांगते याचंच आम्हाला कौतुक. रबरी चेंडू आता कपाटावर आहेत. मी टेबलावर आहे.

मित्रांनो, मी साधा डबा. बेसन, बटणं, वाल, जे घातलं ते सांभाळलं. पण ज्या हातांनी मला त्या दारापाशी नेलं, त्यांचे उपकार मी कसे फेडू? तुम्ही एवढं करा. तुमचा एखादा मित्र किंवा मैत्रीण अचानक गप्प झाली, आपल्या वस्तू वाटू लागली, तर थट्टेवारी नेऊ नका. रश्मीसारखं लगेच कुणा मोठ्या माणसाला सांगा आणि जवळ बसून राहा. तुमच्याच मनात तसं आलं, तर आतून एक हाक द्या. बाहेर कुणीतरी बसलेलं असतं.

गेल्या महिन्यात श्रुतिकाच्या बाबांनी नव्या हंगामाचे पाच किलो वाल पाठवले. ते त्यांनी अंगणात तोच फ्लेक्स अंथरून वाळवले होते. मग त्याच फ्लेक्सची पिशवी शिवून त्यात भरले. पिशवीच्या एका बाजूला 'हार्दिक' एवढंच उरलं आहे आणि दुसऱ्या बाजूला श्रुतिकाचा अर्धा हसरा चेहरा. सुगंधाताईंनी त्यातले वाल भिजवून, मोड काढून माझ्यात भरले आणि वर माझं वाकडं झाकण ठेवलं. श्रुतिका समोरच बसली होती. तिने ते काढलं, आपल्याजवळ ओढलं आणि म्हणाली, "झाकण माझ्याकडे द्या, ताई. साली मी धरते."