कच्च्या शिलाईचा कोट

मागच्या पुरात बाबांनी पुतळ्याला वाचवलं आणि आईला घरी विसरले. हे गावात सगळ्यांना माहीत आहे. ज्यांना माहीत नव्हतं त्यांना आईने सांगितलं आहे.

पुतळा म्हणजे दुकानातला. बाबा शिंपी आहेत. पुढे दुकान, मागे घर. दुकानात बाईमाणसाच्या मापाचा एक पुतळा आहे. त्याला डोकं नाही, हात नाहीत, कमरेखाली नुसता लाकडी दांडा. त्या दिवशी आईचा नवा कोट ट्रायलसाठी पुतळ्याच्या अंगावर चढवलेला होता. पाणी आलं, गडबडीत बाबांचा चष्मा पडला, बाबांनी कोटाला कमरेत धरलं आणि "चल, चल" करत बोटीत चढवलं. बोटवाल्याने दोन माणसं धरली. टेकडीवरच्या शाळेत पुतळ्याला ब्लँकेटही मिळालं.

आई तेव्हा मागच्या खोलीत कुलपाची किल्ली शोधत होती. पाणी वाढलं तशी कपाटावर चढून बसली. दुसऱ्या फेरीला बोट आली तेव्हा बोटवाला तिला म्हणाला, "या घरच्या बाई मघाशीच गेल्या. तुम्ही कोण?"

मी तेव्हा शिकायला बाहेरगावी होते, त्यामुळे मला हे फक्त ऐकायला मिळालं. पण रोज मिळालं.

"मला डोकं आहे हो," आई भाजी चिरता चिरता म्हणायची.

"घाईत कुठे लक्षात येतं?"

"वाटेत एक शब्द तरी बोलली का ती तुमच्याशी?"

"नाही ना! म्हणून तर मला वाटलं, तू रागावली आहेस."

यंदा आईने जाहीरच करून टाकलं. मावशीचं घर टेकडीवर, शाळेच्याही वर. "पुराचा पुढचा भोंगा वाजला की मी निघाले धाकटीकडे. आणि पाणी उतरलं तरी परत येणार नाही. तुम्ही पुतळ्याबरोबर संसार करा. ती उलट बोलत नाही, तुमचं चांगलं जमेल." एवढं बोलून तिने एक पिशवी भरली आणि दाराच्या खुंटीला लावली. आई टोमणा मारते तेव्हा तिचा डावा गाल हलतो. या वेळी हलला नाही. बाबांनीही ते पाहिलं. शिंप्याच्या नजरेतून असल्या गोष्टी सुटत नाहीत. बायको सुटते, ते वेगळं.

त्याच आठवड्यात जिल्ह्याच्या ऑफिसातून एक बाई शिकवायला आल्या. गाव त्यांना आपत्तीबाई म्हणतं आणि त्यांची त्याला हरकत नाही. त्यांनी सांगितलं, आग लागल्यावर विहीर खणू नका. कागदपत्रं प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवा. बॅटरी, रेडिओ, शिट्टी, औषधं, कोरडं खाणं, पाणी तयार ठेवा. कोणत्या वाटेने जायचं ते आधी ठरवा. भोंगा वाजला की बघत उभं राहू नका. आणि हात मोकळे ठेवा.

आईने हात वर केला. "बाई, या सामानात बायको कितव्या नंबरला येते?"

"माणसं पहिली," आपत्तीबाई म्हणाल्या.

"जरा मोठ्याने सांगा. आमचे हे मागे बसलेत."

पण बाबांचं लक्ष नव्हतं. ते 'हात मोकळे ठेवा' याच वाक्यावर अडकले होते. घरी येईपर्यंत त्यांच्या डोक्यात कोट शिवून तयार होता.

ताडपत्रीचा कोट. आतून अस्तर, तेही गिऱ्हाइकांनी न नेलेल्या कपड्यांचं. बाहेरून, आतून, पाठीवर, बाह्यांवर खिसेच खिसे. बॅटरीचा खिसा. रेडिओचा खिसा, त्याला आवाज यायला जाळी. बिस्किटांचा खिसा, आणि बिस्किटं ओली झाली तर दुसऱ्या बिस्किटांचा खिसा. कात्रीचा खिसा. एका खिशात छोटं कुलूप होतं आणि दुसऱ्यात त्याची किल्ली. ते कुलूप कशाला लावायचं हे ठरलेलं नव्हतं. सगळे खिसे भरून बाबांनी कोट घालून पाहिला, तो बरा बसला. मग बाबाही बसले, आणि मग त्यांना उठता येईना. मी आणि आईने त्यांना खिशाखिशाने रिकामं केलं.

"माझाही शिवताय का?" आईने विचारलं.

"तुझाच आधी घेतलाय."

"कधी मिळेल?"

"मंगळवारी."

आईने पिशवीत आणखी एक साडी भरली.

बाबांचा मंगळवार हा गावातला जुना विषय आहे. ते कोणालाही नाही म्हणत नाहीत, फक्त मंगळवार म्हणतात. एका नवरदेवाने अख्खं लग्न टाचण्या लावलेल्या पॅन्टवर काढलं आणि दिवसभर बसला नाही. लोकांना वाटलं, मुलगा फार अदबशीर आहे. बाबा कापतात सुरेख, कच्च्या टाक्यांनी जोडतातही झटपट. पण पक्की शिलाई मारायची म्हटली की त्यांना वाटतं, अजून एक ट्रायल घ्यावी.

पूर सोमवारी आला.

भोंगा वाजला तेव्हा दुपारचं जेवण नुकतंच आटोपलं होतं. दुकानाच्या पायरीला पाणी लागलेलं. बाबा खिसे अर्धेच भरलेले दोन्ही कोट घेऊन धावत आले. पांढरे कच्चे टाके लांबूनही दिसत होते. माझा कोट अजून नुसता कापलेला होता, म्हणून मी छत्री घेतली.

"एक दिवस उशिरा आला असता तर!" बाबा म्हणाले.

"मग नदीला सांगा जाऊन, ट्रायलला आलीयेस, मंगळवारी ये."

दोघांनी कोट चढवले. आईने खुंटीवरची पिशवी काढली आणि दाराकडे निघाली. दोन पावलांवर तिला हिसका बसला. तिच्या कोटाच्या कमरेपासून एक रुंद पट्टा निघत होता आणि बाबांच्या कोटाच्या कमरेत शिरत होता.

"अहो, हे काय आहे?"

"या वेळी विसरणार नाही," बाबा जमिनीकडे बघत म्हणाले.

"मला काय बैलासारखं जुंपलंय?"

"मीपण जुंपलोय ना."

भांडायला वेळ नव्हता. पाणी उंबरठ्यावर आलं होतं. पट्टा सोडायचा तर कात्री काढायला हवी होती, आणि कात्री कोणत्या खिशात आहे हे बाबांना आठवेना. आम्ही तिघं निघालो. दोघं जोडलेली आणि मी सुटी.

गल्लीत लोक दारात उभे राहून पाण्याचा अभ्यास करत होते. सलूनवाले काका एका गिऱ्हाइकाच्या अर्ध्या दाढीवर ब्रश धरून म्हणाले, "मास्तर, कुठे निघाला? भोंगा काय, दर वेळी वाजतो."

तेवढ्यात बाबांचा पहिला खिसा उसवला आणि बॅटरी पडली.

"अहो मास्तर, बॅटरी!" काका ती उचलून मागे धावले. गिऱ्हाईक काकांच्या मागे धावलं, कारण त्याची अर्धी दाढी काकांवर अवलंबून होती. मग बिस्किटं पडली. ती उचलायला गिरणीवाली काकू आली. ओली झाल्यावरची बिस्किटं पडली, ती उचलायला काकूच्या जावा आल्या. रेडिओ पडला, जाळीतून हवामानाचा अंदाज सांगत सांगतच पडला. रेडिओ फुकट पडलाय म्हटल्यावर छतावर बसलेला गवंडीसुद्धा शिडी लावून उतरला. शिट्टी ज्याला सापडली तो ती वाजवत सुटला, त्यामुळे जे घरात झोपले होते तेही बाहेर आले. बाबांना थांबता येत नव्हतं, कारण पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला आई होती आणि आई थांबत नव्हती.

शाळेच्या फाटकात आपत्तीबाई उभ्या होत्या. खिसे गळून पडल्याने बाबांच्या अंगावर कोट म्हणून थोडं अस्तर आणि दोन बाह्या उरल्या होत्या, आणि मागे अख्खी गल्ली हातात बिस्किटं घेऊन चढावर येत होती. पुढच्या घटकेत गल्लीत पुरुषभर पाणी चढलं.

"ही गल्ली कधी वेळेवर रिकामी होत नाही," बाई चकित होऊन म्हणाल्या. "काय पद्धत वापरलीत?"

"कच्ची शिलाई," बाबा म्हणाले.

आम्ही कुंपणाशी उभे राहून खाली बघत होतो. दुकानाचं दार उघडलं आणि पुतळा बाहेर आला. अंगात कुणाचा तरी ट्रायलचा ब्लाऊज घालून तो संथपणे, जणू बाजाराला निघाल्यासारखा, गल्लीतून नदीकडे चालला होता.

लग्नाच्याही आधीपासून तो पुतळा बाबांकडे होता. ते नकळत एक पाऊल पुढे झाले. पट्टा ताणला. आईने पट्टा ओढला नाही, नुसती उभी राहिली.

बाबांनी पाऊल मागे घेतलं.

"बाई वाहून चालली!" बोटवाला ओरडला आणि त्याने मोठ्या शिताफीने पुतळा बोटीत ओढला. मग मान वर करून म्हणाला, "मास्तर, या तुमच्याच ना?"

बाबांनी पुतळ्याकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं.

"मी त्यांना ओळखत नाही," ते म्हणाले.

आईचा डावा गाल हलला.

संध्याकाळी मावशी शाळेत आली. वर्गात आई आणि बाबा एकाच बाकावर बसले होते, मध्ये पट्टा. आईच्या कोटाचे खिसे कधीच गळले होते, शिवणी उलगडल्या होत्या. तेवढा पट्टा मात्र दोन्ही बाजूंनी मशीनवर दुहेरी शिलाई मारलेला, धागासुद्धा सुटलेला नव्हता. बाबांनी आयुष्यात वेळेवर पुरं केलेलं ते पहिलं काम असावं.

"ताई, ऊठ," मावशी म्हणाली. "खाट घालून ठेवलीय तुझी."

"एकच?"

"मग किती हव्यात?"

आईने पट्टा उचलून दाखवला. "हे कापल्याशिवाय कशी येऊ? कात्री वाटेत पडली यांची."

"शाळेत कात्र्यांना काय तोटा? आणते मी."

"राहू दे गं." आईने आपली पिशवी उघडली, टॉवेल काढला आणि बाबांच्या डोक्यावर टाकला. "हे म्हणाले आहेत, मंगळवारी सोडवून देतो."

"अगं, मंगळवार उद्याच आहे!"

"तुझा आहे," आई म्हणाली. "यांचा नाही."