पडवीची खोली

"पाय उचल रे, ओम! बोटं चेंगरतील!"

ओमनं पाय उचलले, पण पलंगावरून उतरायचं नाव घेतलं नाही. महाडच्या कुठल्याशा बंद पडलेल्या वसतिगृहातला तो लोखंडी दुमजली पलंग सुनील एका बाजूनं आणि अकरा वर्षांची सेजल दुसऱ्या बाजूनं पडवीकडे ढकलत होती. साडेचार वर्षांचा ओम खालच्या मजल्यावर बसून तोंडानं एसटीचा आवाज काढत होता. मुलांची आई, सुनीलची बायको सारिका, दारात उभी होती. तिला कुणी हात लावायला सांगितलं नव्हतं आणि तिनंही आपण होऊन लावला नव्हता.

मुंबईत गोदामाची राखण करण्यात निम्मं आयुष्य घालवून सुनील यंदा कायमचा घरी आला होता. महाडच्या एमआयडीसीत कामही मिळालं होतं. आल्या आल्या त्यानं पडवीला समोरून विटा लावून मुलांची खोली केली. माजघर आणि खोली यांच्यामधली भिंत मात्र आढ्यापर्यंत न नेता डोक्याच्या थोडी वर नेऊन सोडून दिली. वर कौलं साऱ्या घराची एकच. "वारा खेळता राहील," असं तो सांगे. खरं म्हणजे विटा संपल्या होत्या.

इतकी वर्षं माजघरात तिघं ओळीनं झोपत. भिंतीकडे सेजल, मध्ये सारिका आणि तिच्या कुशीत ओम. ओमला झोपताना आईचं मनगट लागे. तिच्या बांगड्या पुढं-मागं सरकवत, त्यांचा आवाज ऐकत तो झोपे. सारिका पोलादपूरच्या खानावळीत भाकऱ्या भाजायला सकाळी जाई ती दिवेलागणीला परते. मधल्या वेळात ओमचं खाणं, पुसणं, रडणं, रुसणं सगळं सेजल बघे. तेव्हा दिवस सेजलचा आणि रात्र आपली, असा सारिकानं मनाशी वाटा करून टाकला होता. भावाभावांत शेताचा करतात तसा. आता तिच्या वाट्याची रात्रही बांधासकट सेजलकडे निघाली होती, आणि तिच्या मनातली ही वाटणी घरात कुणाला ठाऊकच नसल्यानं तक्रार करायलाही जागा नव्हती.

"कौलातनं पाली पडतात हां," ती दारातून म्हणाली. "सांगून ठेवते."

"ताय मारेल," ओम म्हणाला.

"नि रात्री भेव वाटलं तर? मला हाक मार हां, बाळा. आये म्हन नुसतं. मी आलेच."

"ताय हाय ना," असं म्हणून ओमनं पुन्हा एसटी चालू केली.

त्या रात्री सुनील माजघरात आडवा व्हायला गेला तर सारिकानं त्याला हटकलं. "इथं नको, पलीकडं सरका. ओम येईल ना रडत, त्याला जागा नको?"

ओम आला नाही. सकाळी तो डोळे चोळत आला तो सेजलचं बोट धरून, आणि इतका टवटवीत की सारिकाला त्याचा रागच आला. पोटच्या पोराला चांगली झोप लागली म्हणून राग येणारी आई तिनं दुसरी कुठं पाहिली नव्हती. त्याचीही तिला लाज वाटली, आणि त्या लाजेचं खापरही तिनं सेजलवरच फोडलं. "केस विंचर आधी. झिंज्या घेऊन फिरतेय!"

खानावळीच्या मालकीण ठकूबाई. काउंटरवर बसल्या बसल्या त्यांना सगळ्या गावाची खबर हवी असे.

"काय गो, पोरगा झोपला का वायला, नव्या खोलीत?"

"कशाचा झोपतोय!" सारिका तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. "रडून घर डोक्यावर घेतलान. शेवटी आला माझ्याच कुशीत."

"येनारच. आय ती आय."

"तर काय," सारिका म्हणाली. ती भाकरी करपली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच करपली असेल.

संध्याकाळी निघताना तिनं खानावळीतून एक बुंदीचा लाडू कागदात बांधून घेतला. घरी आल्यावर ओमला मागच्या दारी नेऊन हळूच हातात दिला. "खा. तायला नको सांगू हां."

ओमनं मान डोलावली, लाडूचे दोन तुकडे केले आणि मोठा तुकडा मुठीत घेऊन ओरडत घरात पळाला. "ताये, आयेनं लाडू आनलान! तुला नको सांगू म्हनली!"

सेजल दारात आली. लाडवाचा तुकडा तिच्या हातात होता, पण तोंडाजवळ गेला नव्हता. आई-लेकीची नजरानजर झाली. सेजलनं तुकडा परत ओमच्या हातात दिला. ती भांडली असती तर सारिकाला बरं वाटलं असतं.

जेवणं झाली. सुनील माजघरात आडवा झाला, मुलं खोलीत गेली, सारिका मोरीपाशी भांडी घासायला बसली, आणि तेवढ्यात लाइट गेली. सगळं घर काळंकुट्ट. भिंतीवरून, कौलांच्या खालून, घाबरी हाक आली.

"...आये!"

सारिका हातातलं पातेलं टाकून उठली. खुंटीवरच्या पिशवीतून मोबाइल काढून तिनं साबणाच्या हातानंच त्याची बॅटरी लावली, उंबऱ्याला ठेच लागली तीही तिला जाणवली नाही. पोरगा घाबरला होता, आणि तिच्या मनात नुसता आनंदीआनंद होता. "आले रे! आले बाळा!"

खोलीत उजेड पडला. खालच्या मजल्यावर सेजल मांडी घालून बसली होती आणि ओमचं डोकं तिच्या मांडीवर होतं. त्यानं डोळ्यांवर हात धरला.

"तू कशाला आलीस?"

"तू हाक मारलीस ना? आये म्हनलास ना?"

"ताये म्हनलं."

सेजलला हसू आलं. "ताये म्हनला गो तो. तुला आये ऐकू आलं."

ते हसू साधं होतं, कुणालाही आलं असतं. पण सारिकाच्या कानशिलात ते चपराकीसारखं बसलं. तिनं बॅटरी फिरवली, आणि पलंगाच्या खांबावर तिला काहीतरी चमकताना दिसलं. केसांच्या लाल रिबिनीनं बांधलेली पाटली. तिची पाटली! खोटीच, पण लग्नातली. जोडीतली एक हरवली म्हणून दोन वर्षांमागं तिनं सगळं घर पालथं घातलं होतं.

"ही इथं कशी? चोरलीस तू? माझी पाटली चोरून त्याला नादी लावतेस? तू काय त्याची आय हायस?"

शेवटचं वाक्य तोंडातून पडलं आणि सारिका जागच्या जागी थबकली. हे वाक्य तिचं नव्हतं, तिच्या आईचं होतं. माहेरी वरंधला, चुलीपुढं, धाकट्या चंदूला मांडीवर घेऊन भरवणाऱ्या सारिकाला आई हेच म्हणायची, ह्याच आवाजात. आपलं काय चुकतं हे सारिकाला तेव्हा कळलं नव्हतं. आई दिवसभर डोंगरात असायची, पोर कुणीतरी सांभाळायलाच हवं होतं. पुढं चंदूच्या लग्नात भटजींनी वडीलधाऱ्यांच्या पाया पडायला सांगितलं, तर तो सरळ सारिकाच्या पाया पडला, आईच्या आधी. मंडपातली सगळी हसली होती. आई हसली नव्हती. पुढं वर्षभर ती सारिकाशी तुटक बोलत होती, आणि सारिका म्हणत होती, म्हातारपणी माणूस विक्षिप्त होतं. आता आई नव्हती, आणि कळून उपयोग नव्हता.

सेजलचा चेहरा उतरला होता. "मी नाय गो त्याची आय," ती म्हणाली. "चोरली पन नाय. तू खानावळीत जायला लागलीस ना, तवा तो दुपारचा झोपायचाच नाय. बांगडी मागायचा तुझी. मंग मी ही फळीवरनं काढली. त्याला सांगायची, ही आयेची हाय, आये येतेच हाय, हिला धर नि झोप."

"मग सांगायचं नाय मला?"

"तू वरडली असतीस."

सारिकानं ओमकडे पाहिलं. तो सेजलच्या बोटांशी खेळत होता, पाटलीकडे त्याचं लक्षही नव्हतं.

"आनि आता?"

"आता नाय लागत त्याला," सेजल म्हणाली. तिनं दातांनी रिबिनीची गाठ सोडवली आणि पाटली पुढं केली. "घे. तुझी हाय."

साबणाचा हात असल्यामुळं पाटली सहज मनगटावर चढली. जुन्या जोडीदारणीला भेटून किणकिणली. ओमनं मान वर करून पाहिलं, आणि परत खाली घातली.

"नि तू गो?" सारिकानं विचारलं. "तुला कोन झोपवायचं तेव्हा?"

"मला कशाला? मी मोठी हाय ना."

माजघरात सेजल भिंतीकडे आणि ओम कुशीत, म्हणजे इतकी वर्षं आपली पाठ कुणाकडे होती, हे सारिकाला तिथं उभं राहिल्यावर सुचलं. ओमचा डोळा लागल्यावर तिनं सेजलला वरच्या मजल्यावर चढवलं, चादर नीट केली, आणि टाचा उंचावून तिच्या विंचरलेल्या केसांवरून हात फिरवला. सेजल अवघडून पडून राहिली. तिला त्याची सवय नव्हती.

"जा गो आये," थोड्या वेळानं ती म्हणाली. "भांडी राह्यलीत तुझी."

लाइट आली. भांडी झाली. सारिका माजघरात येऊन आडवी झाली. सुनील घोरत होता, आणि तिच्या कुशीतली जागा तिनं आजही नकळत मोकळीच ठेवली होती.

डोळा लागतो न लागतो तोच भिंतीवरून हाक आली. झोपेतली, अर्धवट.

"ताये..."

या वेळी पहिलं अक्षर तिला नीट ऐकू आलं. तरी तिचं अंग सवयीनं उठू पाहत होतं, कोपर टेकलं गेलं होतं, बांगड्या वाजल्या.

पलीकडे सेजलचा पेंगुळलेला आवाज आला, "हाय रे. झोप."

बांगड्या पुन्हा वाजू नयेत म्हणून सारिकानं उजव्या हातानं आपलंच डावं मनगट घट्ट धरलं, आणि तशीच पडून राहिली.