विमानाच्या खुर्चीची बैठक

रविवारी सकाळी सुभद्राबाईंनी पोहे भिजवले, ठेवणीतल्या कपबशा काढल्या आणि लेकीला, सोनिकाला म्हणाल्या, "चांगला ड्रेस घाल वं." म्हणाल्या खऱ्या, पण मग त्यांनाच कसंसं झालं. मुलगी बघायला कोणी येत नव्हतं. येणार होता मुकुंद, विमान कंपनीत जागा मिळवून देणारा दलाल.

सोनिकाकडे वैमानिकाचा परवाना होता. परीक्षा झाल्या, प्रशिक्षण झालं, पण नोकरी मागायला गेलं की एकच उत्तर, मोठ्या विमानावरच्या उड्डाणाच्या तासांचा अनुभव आणा. हे तास मिळणार कुठे? तर मुकुंदच्या ओळखीच्या कंपनीत, कॅप्टनशेजारच्या, सहवैमानिकाच्या उजव्या खुर्चीत, पैसे भरून. काम आपणच करायचं आणि पैसेही आपणच मोजायचे, वा रे न्याय! पण यात कोणाला वावगं वाटत नाही, कारण सगळेच भरतात.

सोनिकाच्या वडिलांचं, चंपतरावांचं, धंतोलीत औषधांचं दुकान. थोरल्या मुलीच्या, मिनलच्या लग्नाच्या वेळी मुलाकडच्यांनी हुंड्याचा विषय काढला, तेव्हा हा माणूस भरल्या बैठकीतून उठला, चपला घातल्या आणि घरी आला. समाजाच्या मेळाव्यात त्याबद्दल त्यांचा सत्कारही झाला होता. तेच चंपतराव आज या खुर्चीसाठी दुकान गहाण टाकायला निघाले होते.

मुकुंदने पोह्यांवर तर्री मागून घेतली. "पोरीची उंची चांगली हाय," तो म्हणाला. "चष्मा नाही ना?"

"नाही," सुभद्राबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या.

सोनिका समोर बसून त्याच्या बशीकडे बघत होती. नकार ऐकून ऐकून ती बधिर झाली होती. कुठे सही कर म्हटलं असतं तरी तिने केली असती. तरीपण तिने विचारलं, "आता त्या खुर्चीत कोण बसून राहिलं?"

"अनिश म्हणून एक पोरगा हाय. त्याचे तास भरत आले."

"मग त्याले तिथंच नोकरी देतात?"

"त्याचं तो पाहीन. त्याच्या जागी तुम्ही, तुमच्यानंतर दुसरं कोणी."

"आणि कॅप्टनचं काही चुकलं तर? मी त्याले थांबवायचं ना?"

मुकुंद हसला. "तुम्ही काहून पंगा घेता, मॅडम? तुमच्या तासांवर सही तोच करते. गपचूप बसायचं, तास भरायचे."

शेजारच्याची चूक दिसली तर त्याला थांबवायचं, म्हणून तर विमानात दुसरी खुर्ची असते. सोनिकाला पहिल्यापासून हेच शिकवलं होतं.

"मी नाही बसत," ती म्हणाली. आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी आलं नाही.

"असं काहून करून राहिली, पोरी?" चंपतराव म्हणाले. "सगळेच भरतात. रीतच हाय ती."

"ताईच्या वेळी ते लोकही रीतच म्हणून राहिले होते, बाबा."

"ते लग्न होतं."

"मग हे काय हाय?"

चंपतरावांनी दाराकडे पाहिलं. तेव्हा उठून घरी येता आलं होतं. आता स्वतःच्या घरातून उठून माणूस जाणार कुठे? मग ते उठले आणि त्यांनी मुकुंदसाठी दार उघडलं.

"लाइन लागली हाय, काकाजी," मुकुंद पायात बूट सरकवत म्हणाला. "जागा रिकामी नाही राहत."

या नकाराचा सत्कार कोणी केला नाही. नातेवाईक म्हणाले, पोरीनं हातची संधी घालवली. सोनिका दुकानात बसू लागली. संध्याकाळी अर्ज पाठवायची, आणि पगार देणार का, एवढं त्यात आवर्जून विचारायची. उत्तरं येत नव्हती. एकदा तरी तिने रडावं, असं सुभद्राबाईंना वाटायचं.

दिवाळीनंतर चंपतराव मिनलकडे पुण्याला निघाले, विमानाने. दारं बंद झाली आणि पुढून सहवैमानिकाचा आवाज आला. सगळ्यांचं स्वागत करणारा तो आवाज अगदी कोवळा होता, सोनिकाच्या वयाच्या पोराचा. चंपतरावांनी जवळून जाणाऱ्या हवाईसुंदरीला थांबवलं.

"बाई, त्या पोराले पगार देतात ना तुमच्याकडे?"

"सर, बेल्ट लावून घ्या," ती म्हणाली आणि पुढे गेली.

चंपतरावांनी बेल्ट लावला. शेजारचा गृहस्थ पेपर वाचत होता, मागे एक बाई मुलाला बिस्कीट भरवत होती. विमान धावू लागलं. विचारणारे ते एकटेच होते.