एका फेरीचा विमा

विमा एजंट दिसला की माणसं रस्ता बदलतात, हे पितांबर बोरसेच्या अंगवळणी पडलं होतं. चाळीसगावच्या बाजारपेठेत तो शिरला की निम्मे दुकानदार एकदम गोदामात काहीतरी शोधायला जायचे. त्यामुळे सत्त्याऐंशी सालच्या चैत्रात चुडामण आबांनी आपण होऊन निरोप धाडला, तेव्हा निरोप्या पत्ता चुकलाय असंच त्याला वाटलं.

आबा म्हणजे विहिरीवरच्या इंजिनांचे वैद्य. धुळे रोडला त्यांची पत्र्याची शेड होती आणि तालुक्यातली निम्मी डिझेल इंजिनं तिथून बरी होऊन गेली होती. पितांबर मनाशी म्हणाला, शेडचा आगीचा विमा असेल, बसचं भाडं तरी सुटेल. आबा त्याला शेडच्या मागच्या भागात घेऊन गेले, त्यांनी ताडपत्री ओढली आणि पितांबर विमा विसरला.

गाडी होती. पण पितांबरनं आजवर ज्यांना गाड्या म्हटलं होतं त्यांना आता काय म्हणावं, असा प्रश्न पडावा अशी. बुटकी, लांबलचक, वर टप नाही, बसायला दोनच जागा, आणि रंग पिकल्या जांभळाचा. ती इंदूरच्या कुण्या सरदाराची शर्यतीची इंग्रजी गाडी. इंजिन फुटल्यावर कित्येक वर्षं त्याच्या तबेल्यात पडून होती आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या. आबांनी ती भंगाराच्या भावात उचलली. मोडीत निघालेल्या एका अमेरिकन मोटारीचं सहा सिलिंडरचं थोरलं इंजिन तिच्या पोटात बसवलं. ते मावेना, म्हणून बॉनेट कापून वर ठोकलेल्या पत्र्याचा उंचवटा चढवला. एवढ्या ताकदीला जुने ब्रेक पुरणार नाहीत, म्हणून तेही बदलले. आरटीओच्या पायऱ्या झिजवून नव्या इंजिनाची नोंद कागदोपत्री करून घेतली. या सगळ्यात आबांची जवानी खर्ची पडली.

आबांनी चावी फिरवली. पितांबरला कानठळ्या बसतील असं वाटलं होतं, पण आवाज मोठा नव्हता. खोल होता. विहिरीत वाकून कुणी हलकेच बोलावं तसा. भिंतीचे पत्रे थरथरले, खुंटीवरचे पाने किणकिणले, आणि पितांबरनं नकळत टोपी काढून हातात घेतली. देवळाबाहेर त्यानं ती कधी काढली नव्हती.

"रस्त्यावर कशी पळते?" त्यानं विचारलं.

"रस्तावर आजून गयीच नही," आबा म्हणाले. "इमा शे कोठे?"

पूर्ण विमा असल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. मग आबांनी खरं दुखणं सांगितलं. त्यांची एकुलती एक लेक केसर धुळ्याला दिली होती. लग्नात त्यांनी तिला शब्द दिला होता, की आखाजीला तुला माहेरी आणायला मुराळी येईल तो या गाडीतून. आता आखाजी म्हणजे खान्देशातल्या लेकीबाळींची दिवाळीच, आणि सासरी जाऊन लेकीला घेऊन येणारा तो मुराळी. पण इतक्या आखाज्या येऊन गेल्या, दर खेपेला मुराळी एसटीनंच गेला. कधी गाडीचं काम अपुरं, कधी कागद अपुरे. आणि आता आबांची नजर उतरत चालली होती. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. पितांबरच्या आता लक्षात आलं, की मघापासून आबा पाना उचलताना आधी हातानं चाचपत होते.

"पुढली आखाजीले माले काय दिसी, काय नही," आबा म्हणाले. "यंदा व्हवाले पाहिजे."

पितांबरनं कंबर कसली. जळगावच्या कचेरीत त्यानं गाडीचं वर्णन सुरू केलं आणि इंजिनापर्यंत पोचायच्या आत साहेबांनी हात वर केला. गाडी एका कंपनीची, इंजिन दुसरीचं, बॉनेट चाळीसगावच्या पत्र्याचं, हिची किंमत धरायची कशी? पूर्ण विमा नाही मिळणार. फारच हट्ट असेल तर धुळ्याच्या कचेरीत विचारा, पण हप्ता झेपायचा नाही. झेपणार नव्हताच. धुळ्याहून वर्षाच्या हप्त्याचा जो आकडा आला, त्यात दोन दुभत्या म्हशी आल्या असत्या. पितांबरनं तो आबांना चाचरतच सांगितला.

आबा रागावले नाहीत. ते खाटेवर टेकले.

"पितांबर, गाडी बठ्ठं वरीस घरमाच ऱ्हाई. काम एकच दिवसनं. एक दिवसना कामले सालदार ठेवतंस का कोनी? रोजना मानूस लावतंस."

पितांबरनं कपाळावर हात मारला. आखाजी ते आखाजी वर्षभर राबणाऱ्या सालदारात आणि रोजानं येणाऱ्या मजुरात फरक असतो, हे खान्देशातल्या पोरासोरांना कळतं, आणि हा दहा वर्षं विमा विकून सालदारच घ्या म्हणून लोकांच्या मागे लागलेला. थोड्या मुदतीचा विमाही असतो हे त्याला ठाऊक होतं. कमिशन नसल्यात जमा म्हणून तो कधी त्याच्या वाटेला गेला नव्हता, एवढंच.

धुळ्याचे व्यंकटरामन साहेब तीन वर्षांपूर्वी बदलीवर आलेले, मूळचे मदुराईकडचे. त्यांनी फोनवर शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, एका फेरीचा पूर्ण विमा देऊ, धुळे ते चाळीसगाव, गाडी घरी पोचेपर्यंत. पण अट अशी, की गाडी आधी मी डोळ्यांनी पाहणार. धुळ्याला आणा, चालवत नाही, ट्रकवर घालून. आणि चालवणाऱ्याचं नाव आधी कळवा, कारण असली गाडी कुणाच्याही हातात देऊन चालणार नाही.

पितांबर आबांकडे पळाला. "आबा, गाडी कोण चालवणार?"

"मुराळी चालाडी ना, दुसरं कोन?" आबा ट्रकचं बघण्यात गुंतले होते.

आबांचा कोणी पुतण्या येत असेल, नाव धुळ्याला गेल्यावर भरू, असा विचार करून पितांबरनं अर्जावर 'मुराळी' एवढंच लिहिलं आणि अर्ज टपालात टाकला. घाईत माशी शिंकते ती अशी.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी आबांना आणि पितांबरला घेऊन ट्रक धुळ्याच्या कचेरीसमोर उभा राहिला. फळ्या लावून गाडी उतरवली, तेव्हा समोरच्या रसवंतीचा चरक थांबला. कचेरीतले कारकून खिडक्यांना लटकले. व्यंकटरामन साहेब बाहेर आले, गाडीभोवती एक फेरी मारून थांबले, मग आणखी एक मारली. बॉनेटच्या उंचवट्यावरून त्यांनी तळवा फिरवला. पितांबरला त्यांची ती ओढ ओळखीची वाटली, कारण शेडमध्ये त्याचंही हेच झालं होतं.

"पॉलिसी तयार आहे," साहेब शेवटी म्हणाले. "मिस्टर मुरली कुठे आहेत?"

"कोण मुरली?" पितांबरनं विचारलं.

साहेबांनी कागद पुढे केला. टाइप केलं होतं, चालक, श्री. मुरली. "मला बरं वाटलं," साहेब म्हणाले. "इतक्या लांब आमच्याकडचा एक माणूस भेटणार. माझ्या धाकट्या भावाचं नाव पण मुरली."

मुराळी हे नाव नाही, तो मान आहे, हे पितांबरनं अडखळत समजावलं. आमच्याकडे लेकीला माहेरी न्यायला जो येतो त्याला म्हणतात. साहेबांचा चेहरा बदलला. म्हणजे चालकाचं नावच नाही? मग विमा कुणाच्या भरवशावर दिला? आणि हे आजोबा चालवणार असतील तर कागद आत्ताच फाडतो, यांना तर मघाशी कचेरीची पायरीही दिसली नाही. पितांबरनं आबांकडे पाहिलं. पुतण्या-बितण्या कुणी आलाच नव्हता. एवढ्या खटपटीनंतर गाडी पुन्हा ट्रकवर चढणार, ताडपत्रीखाली जाणार, आणि आबांना ती रस्त्यावर कधीच दिसणार नाही.

"साहेब," आबा सावकाश म्हणाले, "ती दखा, मुराळी ई ऱ्हायनी."

फाटकातून एक बाई येत होती. तिशीच्या घरातली, हिरवं लुगडं, हातात कापडी पिशवी. केसर. ती आधी आबांच्या पाया पडली, मग तिनं पिशवीतून एक जुनाट लायसन्स काढून साहेबांपुढे धरलं. "लग्नाआधी आबांनी जळगावला नेऊन काढून घेतलं होतं," ती म्हणाली. "नूतनीकरण चुकवलं नाही. सासूबाई म्हणाल्या, जाते तर जा, पदर तेवढा सांभाळ."

साहेबांनी लायसन्स उलटसुलट पाहिलं. "ही गाडी साधी नाही, बाई."

"माहीत आहे. हिचे तीन कार्बोरेटर मीच बसवलेत. आबांचा हात आत जायचा नाही, माझा जायचा."

तिनं बॉनेट उघडलं. पिशवीतून हातभर रबरी नळी निघाली. माहेरी जाणाऱ्या बाईच्या पिशवीत सांजोऱ्या असतात, हिच्या पिशवीत नळी. गाडी चालू करून तिनं नळीचं एक टोक कानाला लावलं, दुसरं एकेका कार्बोरेटरच्या तोंडाशी धरलं आणि डोळे मिटून ऐकत एक स्क्रू किंचित फिरवला, मग दुसरा. ट्रकवर हेलकावे खाऊन बिघडलेला आवाज तिच्या बोटांखाली हळूहळू एक झाला आणि तोच खोल सूर कचेरीच्या अंगणात भरून राहिला. खिडकीतला एक कारकून हात जोडून उभा होता, आणि त्याला त्याची लाजही वाटत नव्हती. यंत्राला माणूस ओळखता येतो, असं कुणी पितांबरला कालपर्यंत सांगितलं असतं तर तो हसला असता.

साहेबांनी खिशातून पेन काढलं. 'श्री. मुरली' वर रेघ मारली, वर 'श्रीमती केसरबाई' लिहिलं, सही केली, शिक्का मागवला. मग त्यांनी पितांबरला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मुराळी म्हणजे नेणारा. आज कोण कुणाला नेतंय?"

पितांबरनं पॉलिसीची घडी घालून ती केसरच्या हातात ठेवली.

गाडीत दोनच जागा. केसरनं पदर कमरेला घट्ट खोचला, आबांना हात धरून शेजारी बसवलं आणि गाडी फाटकाबाहेर पडली. पितांबर स्टँडवर जाऊन चाळीसगावच्या एसटीत बसला. ते तर केव्हाच पोचले असतील, अशी त्यानं मनाची समजूत घातली होती. पण वाटेत आबांनी कुठल्याशा मळ्यात इंजिन थंड करायला गाडी थांबवली असावी, कारण मेहुणबारे जवळ आलं तेव्हा मागून तो आवाज आला.

बसमधली माणसं उठून उभी राहिली. आयुष्यात कुणाला बाजू न देणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरनं आरशात पाहिलं आणि आपण होऊन बस डावीकडे घेतली. जांभळी गाडी गिरणेच्या पुलावर शेजारून अशी गेली, की क्षणभर पितांबरला एसटी उभीच आहे असा भास झाला. केसरची नजर रस्त्यावर खिळलेली होती. शेजारी आबा वाऱ्याकडे तोंड करून बसले होते. डोळे सताड उघडे. त्या डोळ्यांना काय दिसत होतं कोण जाणे, पण रस्ता, पूल, खालची कोरडी नदी, जे जे उरलंय ते सगळं आजच पाहून घ्यायचं असं ते बघत होते, आणि त्यांच्या गालांवरून पाणी मागे कानांकडे ओघळत होतं. वाऱ्यानं असेल. पितांबरचे डोळे मात्र खिडकी बंद असूनही भरून आले.

गाडी वळणाआड गेली. कंडक्टर तिकिटांची पेटी छातीशी धरून तसाच उभा होता.

"काय पळस वं माय ती," तो अखेर म्हणाला. "इतली जोरमा! इमा-बिमा तरी काढेल शे का तिना?"

"शे," पितांबर म्हणाला. "घर पोचेपर्यंत शे."